कुंडी सातला बाहेर

अ‍ॅबर्डीनजवळ,
१४ नोव्हेंबर २००५

चि. सुनेत्रास अनेक आशीर्वाद.

नावाआधी काय लिहावं ते न कळून पाच मिनिटं पेन हातात धरून बसले. पस्तीस वर्षं 'चि. सौ.' लिहीत आले. शेखरला जाऊन सव्वा वर्ष झालं तरी हात तिकडेच वळतो. म्हणून नुसतं नाव लिहिलंय, राग मानू नकोस.

फोन करणार होते, पण फोनवर मला आता निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनानं भरते. पत्र बरं.

दिवाळीत सारंगचा मोठा फोन आला होता. पुंगोलच्या घरात त्यानं तुझ्यासाठी खोली ठेवली आहे. ऋतालाही तू हवी आहेस, नातीला तर हवीच आहेस. आणि तू म्हणे "विचार करते" असं म्हणतेस आणि हौगांगच्या फ्लॅटमध्ये नवे पडदे लावतेस. सुनेत्रा, तू बासष्ट वर्षांची आहेस. एकटीनं राहायचं हे वय नाही. सारंग तीन वर्षं आत्याकडे म्हणून माझ्या घरी राहून शिकला, तो कसा आहे हे मला ठाऊक आहे. तो तुला डोक्यावर घेऊन नाचणार नाही, पण पायाखालीही येऊ देणार नाही.

मागे तू माझ्या बागेचा फोटो पाहून शोभेच्या रुबार्बचं बी मागितलं होतंस. सुपाएवढी कातरलेली पानं, खालून लालभडक, आणि जूनमध्ये माझ्या डोक्यावरून जाणारा तुरा. येणारे-जाणारे कुंपणाशी थांबतात. पण बी पाठवून काय करू? त्याला थंडी लागते. ते सिंगापूरला जगणार नाही, आणि साठी ओलांडलेली बाई एकटी सुखात राहणार नाही. दोन्ही हट्ट एकाच जातीचे आहेत.

नीट विचार कर.

तुझी,
सविताताई

*

हौगांग, सिंगापूर
२ डिसेंबर २००५

ती. सविताताईंस सा. न.

नावाआधी काही नसलं तरी चालेल. 'गं. भा.' लिहिलं असतंत तर मात्र पाकीट न फोडता परत पाठवलं असतं.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा हसू आलं, तिसऱ्यांदा जो राग आला तो अजून आहे. ताई, प्रबोधभावजी गेल्यापासून अकरा वर्षं तुम्ही त्या घरात एकट्या राहता. तुम्ही माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या. तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुमच्याकडे अंगणात बर्फ पडतो. मग हे कुठलं शास्त्र? तिकडे बसून माझ्या शेळ्या हाकायच्या आणि स्वतः मात्र उंटावरून उतरायचं नाही.

सारंग गुणी आहे, मी त्याची आई आहे, मला माहीत आहे. ऋता तर त्याच्याहून गुणी. पण त्यांनी ठेवलेल्या खोलीत इस्त्रीचं टेबल आहे, इराची सायकल आहे आणि या दोघांच्या मधोमध मी. इथे मी सकाळी उठून कुणालाही न विचारता चहा करते. बाजारातून हवी ती भाजी आणते आणि ती करायचा कंटाळा आला तर खिचडी खाते. हे एवढंसं सुख आहे, पण ते माझं आहे. बावीस वर्षं या घरात राहिले. शेखर गेले म्हणून मी घरातून जायचं, हे मला मान्य नाही.

आता तुम्हीच दोन हट्ट एका दोरीत बांधलेत, तर ती दोरी मी धरते. पैज लावा. बी पाठवा. पुढच्या दिवाळीपर्यंत तुमचा रुबार्ब मी सिंगापुरात वाढवून दाखवीन. दाखवला, तर तुम्ही सारंगला पत्र लिहायचं की आईजवळ पुन्हा हा विषय काढू नकोस. तुमचा शब्द तो खाली पडू देत नाही. नाही दाखवला, तर मी निमूटपणे पुंगोलला जाईन आणि इस्त्रीच्या टेबलाशेजारी झोपेन.

तुमची,
सुनेत्रा

*

अ‍ॅबर्डीनजवळ,
९ जानेवारी २००६

चि. सुनेत्रास आशीर्वाद.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तुझा तर सुंभही शाबूत आहे.

पैज मान्य. पण "वाढवून दाखवीन" हे मोघम चालणार नाही. सुईणीची नोकरी करण्यात जन्म गेला, मला वजन-माप लागतं. दिवाळीच्या दिवशी त्याचं एक तरी पान जेवायच्या ताटाएवढं हवं. वाटीएवढं नाही, ताटलीएवढं नाही. ताट म्हणजे ताट. मापात खोट करणार नाहीस एवढा भरवसा तुझ्यावर आहे.

सोबत अकरा बिया आहेत. चपट्या, पापडीसारख्या. रात्रभर पाण्यात घाल आणि मग पेर. आणि एक गोष्ट पदराला गाठ मारून लक्षात ठेव. त्याचं पान विषारी असतं. इथे खायचा रुबार्ब वेगळा, त्याचेही फक्त देठ खातात. हा तर नुसता बघायचा. आपल्याकडे मोठं पान दिसलं की बायकांना डाळीचं पीठ आठवतं, म्हणून सांगते.

मी सारंगला पैजेबद्दल लिहिलं आहे. तो हसला असेल. मीही हसले, पण मला तू हरायला हवी आहेस हे लपवत नाही.

तुझी,
सविताताई

*

हौगांग,
२७ मार्च २००६

ती. सविताताईंस सा. न.

अकरा बियांतून सात कोंब उगवले. खिडकीत ठेवले तर आठवड्याभरात त्यातले चार उकडून मेले. दोन मुंग्यांनी नेले. एक उरला. तोही दुपारी मान टाकायचा, मग मी त्याला शीतकपाटात, इडलीच्या पिठाच्या पातेल्याशेजारी तासभर ठेवायची. ऋतानं ते पाहिलं. त्याच संध्याकाळी सारंगचा फोन आला, "आई, तुला बरं आहे ना?"

मग मी एक केलं. तुम्हाला आवडेल की नाही कोण जाणे, पण लपवणार नाही.

शेखरची खोली उघडली. तुम्हाला माहीत आहे, त्यांना इथला उकाडा कधीच मानवला नाही. बँकेतून आले की त्या लहानशा खोलीत ए.सी. अठरावर लावून बसायचे आणि मी शाल घेऊन त्यांना चहा द्यायला जायची. गेल्यापासून ती खोली बंद होती. महिन्यातून एकदा झाडायची आणि दार लावून घ्यायची. सारंग म्हणायचा, बाबांची खोली तशीच राहू दे. मीच पूर्वी तसं म्हणाले होते.

त्यांचं टेबल भिंतीला सरकवलं, वर दोन ट्यूबलाइट लावल्या, ए.सी. चालू केला. तो खोकला आणि लागला. टेबलावर कुंडी ठेवली. ताई, मी तिथे उभी राहून खूप रडले. मग शाल आणली आणि खुर्चीत बसून चहा प्यायले. दीड वर्षानं त्या खोलीत कुणीतरी श्वास घेत होतं.

आता आमचा दिनक्रम असा. इथे उजाडतंच सातला. कुंडी चाकांच्या पाटावर ठेवली आहे. बरोबर सातला ती कॉरिडॉरमध्ये ढकलायची, तासभर खरा उजेड द्यायचा आणि आठला ऊन तापायच्या आत आत घ्यायची. पहिल्या दिवशी शेजारच्या मिसेस लिम बाहेर आल्या. त्यांच्या नवऱ्याचं चिनी औषधांचं दुकान होतं. पानाकडे बघून म्हणाल्या, "आय्यो, धिस वन दा हुआंग ला! मेडिसिन! यू ईट, होल डे टॉयलेट!" म्हणजे आपली रेवाचिनी, ताई. लहानपणी आईनं पोट साफ करायला दिलेली, ती ह्याचीच बहीण. घराण्याची ओळख पटल्यामुळे मिसेस लिम आता रोज सातला खुर्ची घेऊन त्याच्याजवळ बसतात. घराची एक किल्ली त्यांच्याकडे दिली आहे, मी शनिवारी पुंगोलला गेले की रोपाचे हाल होऊ नयेत म्हणून.

पान सध्या चमच्याएवढं आहे. हसा.

तुमची,
सुनेत्रा

*

अ‍ॅबर्डीनजवळ,
११ जून २००६

चि. सुनेत्रास आशीर्वाद.

अक्षर वाईट आलंय. उजव्या हाताला जरा लागलं आहे, डाव्यानं लिहिते. विशेष नाही.

शेखरच्या खोलीचं वाचलं. चांगलं केलंस.

पण आता पुरे कर. पैज वगैरे सोडून दे. थट्टा खूप झाली. सारंगकडे जा, ह्याच महिन्यात जा. मी थोरली म्हणून सांगते आहे आणि कारण विचारू नकोस.

सविताताई

*

हौगांग,
२० सप्टेंबर २००६

ती. सविताताईंस सा. न.

तुमच्या जूनच्या पत्राला तीन महिने उत्तर दिलं नाही, कारण दिलं असतं ते वाचण्यासारखं झालं नसतं. पान वाढतंय असं कळल्याबरोबर "थट्टा पुरे"? सुईणबाई, माप तुमचं, अट तुमची, आणि मोडायची तीही तुम्हीच? मी सोडत नाही, एवढंच तेव्हा मनाशी म्हटलं.

आणि पान खरंच वाढत होतं. ऑगस्टअखेर वीत आणि चार बोटं झालं. कडा कातरलेल्या, खाली लाल रंग. मिसेस लिम मजल्यावरच्या लोकांना आणून दाखवायच्या.

'दाखवायच्या' म्हणते, कारण रविवारी शेखरचं पितृपक्षातलं पान होतं.

सारंग, ऋता आणि इरा सकाळीच आले. मी आंघोळीला गेले. ऋतानं सोवळ्यानं स्वयंपाकाला सुरुवात केली. भेंडी, गवार, कढी, खीर, वडे, सगळं यादीप्रमाणे. फक्त अळू नव्हता, बाजारात मिळाला नाही. पितरांच्या जेवणात अळू हवाच, तिच्या आईनं बजावलेलं. मग तिला बाबांच्या खोलीत टेबलावर ते पान दिसलं. तिला वाटलं, बाबांच्या टेबलावर बाबांच्या दिवसासाठीच सासूबाईंनी अळू जपून ठेवलाय. मनात किती चांगलं होतं बघा पोरीच्या! तिनं ते मोठं पान कापलं, दुसरं कापलं, चिंच घातलेलं पीठ लावलं, गुंडाळी केली.

मी बाहेर आले तर वड्या उकडून ताटलीत. ऋता म्हणाली, "आई, पान जरा वेगळंच निघालं. खाजेल म्हणून चिंच जास्त घातलीय." शेजारी इरा एक वडी उचलत होती.

मी तिच्या हातावर फटका मारला. तिच्यावर जन्मात मी कधी हात उगारला नव्हता. सगळी ताटली उचलली आणि कचऱ्यात ओतली. ऋता पांढरीफटक. सारंगनं पाहिलं ते एवढंच, की श्राद्धाच्या दिवशी आईनं नैवेद्य कचऱ्यात टाकला. तो म्हणाला, "आई, एका झाडासाठी? बाबांच्या पानापेक्षा तुला ते झाड मोठं झालं?"

विष आहे म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मग तू विष घरात वाढवतेस, आणि तुला एकटीला ठेवायचं?"

तेव्हा मी बोलले, ताई. म्हटलं, तुला बाबांची खोली तशीच हवी, दार लावून. आणि मीही तुला तुझ्या घरी तशीच हवी, दार लावून. मी अजून गेलेले नाही. माझी कसली तिथी धरतोस? ऋता रडली, मी रडले, आणि मग आम्ही दोघींनी अळूवाचून पान वाढलं. कावळे इथेही असतात, त्यांना अळूची उणीव भासली नाही.

ऋताच्या पाठीवरून हात फिरवला. तिचा काय दोष? मीच पूर्वी तिला म्हणाले होते, मराठी बाईला अळू ओळखता आला पाहिजे.

रोपाला आता दोन कोंब उरलेत. दिवाळीला महिना आहे. मी कुंडी रोज सातला बाहेर ढकलते.

सुनेत्रा

*

अ‍ॅबर्डीनजवळ,
५ ऑक्टोबर २००६

चि. सुनेत्रास आशीर्वाद.

आता खरं लिहिते. आधीच लिहायला हवं होतं.

मे महिन्यात बागेत पडले. त्या रुबार्बच्याच कडेला, त्याचा वाळका देठ काढताना. मनगट मोडलं आणि कमरेतून उठताच येईना. कानातलं यंत्र कुठेतरी उडालं. मी ओरडत होते की नुसतं तोंड उघडत होते, मलाच कळत नव्हतं. सकाळी आठला पडले. अकरानंतर एक माणूस कुत्रा फिरवत आला आणि कुत्रा कुंपणाशी भुंकू लागला. मोठमोठ्या पानांमुळे मी रस्त्यावरून दिसतही नव्हते. ज्या पानांचा तोरा मिरवला, तीच माझ्यावर पांघरूण घालून बसली होती. तीन तास मी खालून तो लाल रंग बघत होते आणि मला सारखी तूच डोळ्यांसमोर येत होतीस, हौगांगच्या घरात फरशीवर.

म्हणून जूनचं ते पत्र. पैज हरायची भीती नव्हती, सुनेत्रा. तुला वाटलं तसं वाटू दिलं, कारण सविता पडली हे कुणाला कळायला नको होतं. सारंगलाही सांगितलेलं नाही.

मी इथल्या वृद्धाश्रमात नाव दिलं आहे. नाताळनंतर खोली मिळेल. स्वच्छ आहे, गरम आहे, दर दोन तासांनी कुणीतरी डोकावतं. बाग नाही.

तूही जा. मी हात जोडते.

तुझी,
सविताताई

*

हौगांग,
२५ ऑक्टोबर २००६

ती. सविताताईंस सा. न.

काल भाऊबीज झाली. शेखर असते तर तुमच्या पत्रावर आधी चिडले असते आणि मग विमानाचं तिकीट काढलं असतं. मला दोन्ही करावंसं वाटतंय. तीन तास, ताई! आणि मला लिहिता "विशेष नाही"!

आधी हिशेब पैजेचा. लक्ष्मीपूजनाला सगळे इथे जमले. मी ताट घेतलं, पान न तोडता त्याच्यावर धरलं आणि सगळ्यांसमोर मोजलं. नऊ बोटं. ताटाच्या निम्मंही नाही. ऋता म्हणाली, "आई, मी कापलं नसतं तर..." मी म्हटलं, तर सोळा-सतरा बोटं झालं असतं, ताट तरीही नाही. सबब नको. मी हरले. तुम्ही जिंकलात.

सारंगचा चेहरा उजळला. "मग आई, डिसेंबरात?"

मी म्हटलं, "मी येत नाही."

"पण पैज?"

"पैज मी लावली हीच माझी चूक. माझं घर मी एका पानावर लावायला नको होतं. हरले ते पान. तुझ्या आत्याला हवं तर मी नाक घासून शंभर वेळा लिहीन की तुम्ही जिंकलात. पण राहणार इथेच."

इरानं विचारलं, "सो हू इज मूव्हिंग?"

सारंग तुमच्याच सुरात म्हणाला, "आणि तू पडलीस तर?"

मग मलाही माझं झाकलेलं उघडावं लागलं. तुम्ही एकट्याच लपवाछपवी करता असं समजू नका. जुलैत मला ताप होता. पहाटे न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन बसले आणि उठता येईना. आवाज फुटेना. सात वाजले. कुंडी बाहेर गेली नाही. सात वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली, वीसला दाराला किल्ली लागली. मिसेस लिम आत आल्या त्या ओरडतच, "सुनेत्रा! वाय युवर दा हुआंग नॉट औट?" साडेसातला मी त्यांच्या मुलाच्या गाडीत दवाखान्याच्या वाटेवर होते. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर सारंग त्याच संध्याकाळी सामान हलवायला लॉरी घेऊन आला असता.

सारंग संतापला. भांडला. मग उठून मिसेस लिमकडे गेला आणि अर्धा तास आला नाही. आला तेव्हा डोळे लाल होते आणि हातात त्यांनी दिलेली संत्री होती. जाताना दारात म्हणाला, "कुंडी सातला म्हणजे सातला." दुसऱ्या दिवशी सातला पाच मिनिटं होती, तेव्हाच त्यानं मिसेस लिमना फोन करून विचारलं, निघाली का बाहेर? त्यांनी सुनावलं, "स्टिल गॉट फाइव्ह मिनिट्स ला!"

पुंगोलची खोली आता इराची झाली. इस्त्रीचं टेबल मात्र तिथेच आहे.

रोप फार दिवस काढेल असं वाटत नाही. इथला उकाडा शेवटी ए.सी.लाही पुरून उरतो. गेलं तर मी त्याच कुंडीत अळू लावणार आहे. तो इथे माजतो. ऋताला पुढच्या वर्षी यादीप्रमाणे वड्या करता येतील. कुंडीत काय आहे याला महत्त्व नाही हे मला आता कळलंय. ती रोज सातला बाहेर आली पाहिजे, बस.

आता माझं ऐका. आजवर नेहमी तुम्ही सांगितलंत आणि मी "हो ताई" म्हटलं. आज मी सांगते. वृद्धाश्रमातलं नाव काढून घ्या. मनापासून जावंसं वाटत असेल तर जा, मी चकार शब्द बोलणार नाही. पण ते पत्र जावंसं वाटणाऱ्या बाईचं नव्हतं, घाबरलेल्या बाईचं होतं. "बाग नाही" हे दोन शब्द तुम्ही ज्या जागी लिहिलेत ना, तिथे कागद पेनानं खरवडला आहे.

मनगट बरं झालं असेल तर त्या रुबार्बचा एक गड्डा खणून कुंडीत लावा. नसेल तर कुणाकडून खणून घ्या. समोरच्या घरात बेल वाजवून एक किल्ली द्या आणि सांगा, रोज सकाळी ही कुंडी माझ्या पायरीवर दिसेल. दिसली नाही तर आत या. ऐकू येत नाही म्हणून लाजू नका. कुंडी बोलत नाही, तिला ऐकायचंही नसतं.

तुमच्याकडे सात वाजतात तेव्हा माझ्याकडे दुपार असते. उद्यापासून त्या वेळेला मी खुर्ची ओढून बसणार आहे. पुढच्या पत्रात फक्त एकच गोष्ट कळवा: पहिल्या दिवशी कुंडी किती वाजता बाहेर गेली.

तुमची हरलेली,
सुनेत्रा